टॅबमध्ये पीडीएफ दरवेळी नको त्या ॲपमध्येच उघडते, हे कसं बदलायचं?

तुम्ही म्हणता तसं लातूरला वडिलांच्या अँड्रॉइड टॅबवर सातबारा उघडा की पीकविम्याची पावती, जाहिरातींचा मारा करणारं तेच ॲप पुढं येतंय, म्हणजे कधीतरी 'कुठल्या ॲपमध्ये उघडू?' असं टॅबनं विचारल्यावर 'नेहमी'वर बोट पडलेलं आहे.

सेटिंग्जमधल्या 'डीफॉल्ट ॲप्स'च्या यादीत शोधत बसू नका. तिथं ब्राउझर, फोन, मेसेज, होम असली मंडळी असतात, पीडीएफचं नावही नसतं. सेटिंग्ज, मग ॲप्स, मग ते आगाऊ ॲप उघडा. आत डीफॉल्टचा पर्याय दिसेल (कंपनीगणिक नाव थोडं बदलतं), तिथून आधीची निवड पुसा. आता फाइल पुन्हा उघडली की टॅब विचारेल. हवं ते ॲप निवडून 'नेहमी' दाबा. विचारलंच नाही, तर बहुधा पीडीएफ उघडणारं दुसरं ॲप टॅबमध्ये नाही, ते आधी टाका. खरं तर जाहिरातवालं ॲप काढूनच टाकलेलं बरं. डाउनलोडमधल्या फाइलींना त्यानं धक्का लागत नाही.

व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रं मात्र डाउनलोडमध्ये नसतात, फार आतल्या फोल्डरात पडतात. 'फाइल्स बाय गूगल'मध्ये डॉक्युमेंट्सवर गेलात की एकत्र दिसतील. तिथून कामाच्या तेवढ्या वेगळ्या फोल्डरात हलवा आणि नाव बदला: 'गट १४२ सातबारा' असं काहीतरी. मूळचे आकडे-अक्षरांचे नाव बघून बँकेत उभ्या उभ्या कोणालाच काही सापडत नाही.