आजोबांच्या ट्रामच्या तिकीट पंचावर गंज आलाय, वरची चकाकी न घालवता कसा काढू?

तुम्ही लिहिलंय की आजोबा ट्रामवर कंडक्टर होते, त्यांचा तिकीट पंच माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला, वरून चांदीसारखा चकाकतोय पण मधेमधे तांबूस ठिपके आलेत, दांडी जाम झालीय, आणि कोणीतरी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा म्हणून सांगितलंय. कृपा करून ते व्हिनेगरचं करू नका. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणजे वस्तू साठ वर्षांच्या वरची आहे, अजून चार दिवस गेले तर काही बिघडत नाही.

हे मी कळवळून सांगतोय कारण माझे वडील गिरणीत फिटर होते आणि त्यांचा कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचं पोलादी हत्यार, मी असाच व्हिनेगरमध्ये टाकला होता. सकाळी काढला तर गंज गेलेला, पण पोलादावरची ती काळी-निळी झाकपण गेलेली, नुसतं राखाडी, कोरडं लोखंड हातात आलं. नंतर कळलं की ती काळी झाकसुद्धा लोखंडाचाच ऑक्साइड असतो, फक्त तो आतलं लोखंड सांभाळतो आणि तांबडा गंज ते खातो, पण आम्लाला काय त्याचं, ते दोन्ही खातं. लिंबू, चिंच, कोल्ड्रिंक सगळ्यांचं तेच.

तुमच्या पंचावर बहुतेक निकेलचा मुलामा असणार. उजेडात धरून बघा, क्रोम जरा निळसर दिसतं आणि निकेलला किंचित पिवळट, उबदार छटा असते. आता निकेलला स्वतःला तांबडा गंज येत नाही, मुलाम्यात बारीक बारीक छिद्रं असतात तिथून खालचं लोखंड गंजून वर येतं, आणि गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते म्हणून तो मुलामा खालून उचलतो, त्याचे फोड दिसतात. असे फोड असतील तर त्यांना नख लावू नका, दाबू नका, पापुद्रा निघाला की संपलं. आम्ल नेमकं त्याच छिद्रांतून आत शिरतं.

मी असतो तर असं केलं असतं. आधी चारी बाजूंनी फोटो काढायचे, नंबर किंवा अक्षरं कोरलेली असतील तर ती जवळून. मग मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढायची. मग शिलाई मशीनचं पातळ तेल ठिपक्यांवर आणि सांध्यात थेंब थेंब सोडायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं, दांडी जोर लावून उघडायची नाही, आतली स्प्रिंग जुनी आहे, तुटली तर तशी मिळणं कठीण. दोन दिवसांनी बांबूची काडी किंवा टूथपिक तिरकी धरून ठिपका हलकेच खरवडा, तेलात तांबडा चिखल सुटतो तो सुती कापडाने टिपा, परत तेल, परत थांबा. मला साधारण चार-पाच खेपा लागतात. लाकूड निकेलपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही, लोखंडी ब्रश आणि पॉलिश पेपर मात्र घरातच ठेवू नका म्हणजे मोह होणार नाही. स्टील वूल लावायचंच झालं तर सगळ्यात बारीक, चार शून्यवालं, तेही तेलात बुडवून आणि फक्त आतल्या जबड्याला जिथे मुलामा नाही.

दांडी मोकळी झाली की रद्दी कागदात पंच मारत राहा, सुरुवातीला भोकाच्या कडेला तपकिरी रंग लागेल, तो यायचा थांबला की आतलं काम झालं. ठिपक्यांच्या जागी काळसर डाग राहतील, ते राहू द्या.

आणि कोणी म्हणालं नवीन निकेल चढवून देतो, तर देऊ नका. मुलामा चढवण्याआधी ते बफ मारतात, म्हणजे फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करतात, आणि बफखाली कोरलेली अक्षरं पुसट होतात, वस्तू नवीकोरी दिसेल पण आजोबांची राहणार नाही. फारच फोड असतील तर काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा.

साफ झाल्यावर टर्पेंटाइनच्या कापडाने तेल पुसायचं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब, मग पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (जुन्या वस्तू जपायला वापरतात ते बारीक कणांचं मेण) अगदी पातळ हात द्यायचा, चोळून. कारचं पॉलिश नको, त्यात बऱ्याचदा घासणारी पावडर असते. इथून पुढे हातमोजे घालून धरा, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात.

ठेवताना चामडं, लोकर, लाकडी कपाट टाळा. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा आणि जुलैतली हवा, भिंतीसुद्धा ओल्या लागतात, तिथे लोखंडाचं काय. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या चांगल्या मूठभर पुड्या, पावसाळ्याआधी नव्या घाला आणि गणपती झाले की एकदा उघडून सांध्याजवळ बघा, परत गंज दिसला तर आधी तिथेच दिसेल.