डावखुऱ्या वादकाने व्यावसायिक दर्जाचा ब्लूग्रास बॅन्जो कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की नवशिक्यांसाठीचा साधा डावखुरा बॅन्जो चार वर्षं वाजवलात, आता ब्लूग्रासच्या (अमेरिकन लोकसंगीताचा एक वेगवान प्रकार) जॅममध्ये, म्हणजे सगळे वर्तुळात बसून एकत्र वाजवतात तेव्हा, फिडल आणि मँडोलिन सुरू झाले की तुमचा आवाज बुडतो. म्हणून आयुष्यभर पुरेल असा बॅन्जो घ्यायचाय. आणि एवढे पैसे घालण्याआधी उजव्या हाताने शिकून घ्यावं का, हाही प्रश्न आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं सांगते. हात बदलू नका. मीही डावखुरी आहे. लहानपणी घरी ताटाला उजवाच हात लावायचं वळण लावलं, म्हणून जेवते उजव्या हाताने आणि लिहिते डाव्या. त्यामुळे हात वळवता येतो हे मला मान्य आहे. पण ब्लूग्रासचे थोर बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज यांच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एका मात्राचक्रात आठ स्वर न थांबता काढत राहतात (याला रोल म्हणतात), आणि चार वर्षांत ते तुमच्या डाव्या बोटांत मुरलंय. ते पुसून पुन्हा शून्यापासून सुरू करण्यात काही अर्थ नाही. अगदी पहिल्या दिवशी विचारलं असतंत तर म्हटलं असतं, उजव्या हाताने बघा जमतंय का, कारण मग दुकानातल्या भिंतीवरचा प्रत्येक बॅन्जो तुम्हाला हाताळता येतो. ती वेळ आता गेली.

आता खरेदी. (गावाकडचं कोणी हे वाचत असेल तर सांगून ठेवते: गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बटणांचा बेंजो हा नव्हे. हा पाच तारांचा, गोल तोंडाला कातड्यासारखं आवरण ताणलेला अमेरिकन बॅन्जो.)

डावखुरा तबलजी डग्गा उजवीकडे घेतो आणि काम भागतं. गिटारच्या तारा उलट्या लावूनही बरेच जण वेळ मारून नेतात. बॅन्जोत ते जमत नाही, कारण पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी दांडीच्या बाजूला, पाचव्या पडद्याशी (फ्रेटशी) बसवलेली असते. तिथून पुढे दांडी त्याच बाजूला रुंद होते. उजव्या हाताचा बॅन्जो उलटा धरला की ही तार अंगठ्याजवळ न राहता खाली जमिनीच्या बाजूला जाते. नॉर्थ कॅरोलायनातल्या लोकसंगीत गायिका-वादक एलिझाबेथ कॉटन डावखुऱ्या होत्या आणि वाद्य तसंच उलटं धरून वाजवायच्या, पण त्यातून त्यांनी स्वतःची वेगळी शैली घडवली. ब्लूग्रासचे रोल अंगठा पाचव्या तारेवर आहे असं धरूनच बांधलेले आहेत.

हे मी पैसे घालवून शिकले. पहिला 'चांगला' बॅन्जो मी वापरलेला घेतला, एका माणसाकडून, डावखुरा म्हणून. फोटोत छान दिसत होता. घरी आणून दिव्याखाली धरला तर पाचव्या पडद्याशी दांडीच्या खालच्या कडेला वाटाण्याएवढा भुसा-डिंकाचा गोल भरलेला, आणि वरच्या कडेला नवीन भोक पाडून खुंटी ठोकलेली. म्हणजे मूळ दांडी उजव्या हाताचीच. रुंद झालेली बाजू उलट्या अंगाला गेली होती, त्यामुळे पाचवी तार चौथीला खेटायची आणि पहिल्या तारेपलीकडे बोटभर लाकूड नुसतं मोकळं राहायचं. कडेवरचे खुणेचे ठिपकेही माझ्या नजरेसमोर नव्हते, ते पलीकडच्या बाजूला होते. तेव्हा वापरलेला घेताना पाचव्या पडद्याच्या दोन्ही कडांचा जवळून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

त्या फसगतीतून मला जे कळलं तेच तुम्हाला मुख्य म्हणून सांगायचंय: बॅन्जोचं डावखुरेपण जवळजवळ सगळं दांडीत असतं. खालचा गोल भाग, ज्याला पॉट म्हणतात, दोन्ही हातांना सारखाच. तीन थरांच्या मेपलचं कडं, त्यावर काशासारख्या धातूची टोन रिंग, 11 इंचांचं हेड (तोंडावरचं आवरण), ते ताणणारे साधारण 24 हूक, मागचा रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारं लाकडी झाकण), यातलं काहीही उजवं-डावं नसतं. हात टेकवायची आर्मरेस्ट दुसऱ्या बाजूला लावावी लागते, काही वेळा डाव्या हाताची वेगळी आणावी लागते, एवढंच. आणि बॅन्जोचा आवाज या पॉटमध्येच असतो. तुमचा बॅन्जो जॅममध्ये मागे पडतो तो बहुधा टोन रिंग नसल्यामुळे. चांगली फ्लॅटहेड रिंग एकटीच सव्वा-दीड किलोची असते. पूर्ण वाद्य पाच किलोच्या आसपास जातं, म्हणून रुंद पट्टा आजच घेऊन ठेवा, खांदा दुखायला लागल्यावर नको.

रिंगचे दोन मुख्य प्रकार. फ्लॅटहेडचा आवाज भरलेला, खालचे स्वर गोल. स्क्रग्जचा नाद हा. आर्चटॉप टोकदार आणि चमकदार. बॅन्जोवादक राल्फ स्टॅन्लीचं वाजवणं आठवा. पहिला मोठा बॅन्जो फ्लॅटहेडच घ्या असं माझं मत आहे. सगळ्या प्रकारच्या गाण्यांत तो खपतो.

दांडी आणि पॉट एकमेकांना आतल्या दोन सळयांनी जोडलेले असतात आणि सुटेही करता येतात. त्यामुळे डावखुऱ्यांसाठी एक रस्ता उघडतो, ज्याचा विचार फार थोडे करतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे गिब्सन कंपनीचे मास्टरटोन बॅन्जो हे ब्लूग्रासवाल्यांचं दैवत. पण त्या काळात चार तारांचे टेनर बॅन्जो जास्त खपायचे, पाच तारांचे कमी. म्हणून आज मंचावर दिसणारे अनेक जुने गिब्सन म्हणजे टेनरच्या पॉटला नवीन बनवलेली पाच तारांची दांडी. दांडी नवीनच बनवायची असेल तर ती डाव्या हाताची का नाही? इथे आपण उजव्या हातवाल्यांच्या बरोबरीने उभे असतो. अस्सल जुन्या फ्लॅटहेडच्या किमती आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, पण हाच हिशेब अलीकडच्या वापरलेल्या पॉटलाही लागू पडतो. मी शेवटी तेच केलं. चांगला, वापरलेला उजव्या हाताचा बॅन्जो घेतला, एका कारागिराकडून डावी दांडी करून घेतली, आणि मूळ दांडी कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. कधी विकायची वेळ आली तर ती परत लावून विकता येईल. डावखुऱ्या वाद्याला गिऱ्हाईक मिळायला फार वाट बघावी लागते, म्हणून हे महत्त्वाचं.

एवढी खटपट नको असेल तर सरळ नवीन घ्या. कॅलिफोर्नियातली डीअरिंग 1975 पासून बॅन्जो बनवते आणि डाव्या हातासाठीही बनवून देते. टोन रिंग असलेलं मॉडेल निवडा. फ्लोरिडाच्या गोल्ड टोनकडे डावखुरे प्रकार मिळतात आणि ते खिशाला हलके पडतात. गिब्सनने 2010 च्या नॅशव्हिलच्या पुरानंतर बॅन्जो बनवणं थांबवलं होतं, म्हणून त्यांच्या नवीनवर भिस्त ठेवू नका. मागणीनुसार बनवून घेत असाल तर कागदावर लिहून घ्या: पाचवी खुंटी, कडेवरचे ठिपके आणि सातव्या व नवव्या पडद्याशी पाचव्या तारेसाठी बसवलेले छोटे खिळे, तिन्ही डावखुऱ्या वादकाच्या बाजूला, म्हणजे दांडीच्या वरच्या कडेला. ए आणि बी पट्टीतली गाणी आली की ते खिळे लागतातच.

वाद्य हातात आलं की सेटअपवर एक संध्याकाळ घालवा. हेडवर टिचकी मारून बघा, बहुतेक जण जी शार्पच्या आसपास ताण ठेवतात. फार सैल असेल तर महागडी रिंगही ढोलासारखी घुमते. मग घोडी. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) आणि तिथेच तार दाबून येणारा स्वर जुळेपर्यंत ती पुढेमागे सरकवा. साध्या घोडीला डावं-उजवं नसतं, पण प्रत्येक तारेसाठी खाचा पुढेमागे कापलेली घोडी असेल तर ती डाव्या हाताचीच मागवा. उजवीची फिरवून लावली की सूर उलटे चुकतात.

अंगठ्याची नखीही डाव्या हाताची वेगळी येते. चार-पाच एकदम घ्या, कारण जॅममध्ये हरवली तर उसनी द्यायला शेजाऱ्याकडे ती नसते. आणि वर्तुळात बसताना तुमच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी ठेवा. बाकी सगळ्यांच्या दांड्या त्यांच्या डावीकडे जातात, तुमची उजवीकडे. माझ्या नवीन दांडीच्या टोकावर पहिला ओरखडा पडला तो शेजारच्या गिटारवर आपटूनच.