जुन्या आर१५ला बाजारातला पंखा

प्रश्न : माझी यामाहा आर१५ मोटरसायकल पहिल्या, म्हणजे २००८ साली आलेल्या मॉडेलची आहे. रेडिएटरचा पंखा फिरत नाही, ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं. मूळ पंखा मिळेना. सात इंची, ८० वॅटचा पंखा बसवून हँडलवर बटण देऊ, असं मेकॅनिक म्हणतो. चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बटण नको. लावायला विसरलात तर इंजिन तापणार, बंद करायला विसरलात तर बॅटरी उतरणार.

आधी पंखाच गेलाय ना, हे पाहा. कपलर (वायरींचा प्लग) सोडवून पंख्याच्या दोन वायरींना बॅटरीतून थेट १२ व्होल्ट द्या. फिरला तर दोष फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), वायरिंग किंवा सेन्सरमध्ये आहे; नवा पंखा आणून काही होणार नाही.

८० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअरच्या वर, ३५ वॅटच्या दोन हेडलाइट बल्बांपेक्षाही जास्त. आणि पंखा लागतो तो नेमका गाडी आयडलवर (उभी, पण इंजिन चालू) असताना, जेव्हा चार्जिंग सर्वांत कमी असतं. दोन-तीन अँपिअरचा, रेडिएटरच्या जाळीच्या मापात बसणारा पंखा घ्या. तो जाळीच्या मागे बसून हवा ओढणारा असावा. जाळीच्या पुढून हवा ढकलणारा पंखा वायर उलट्या जोडून मागे लावता येतो खरा, पण पात्यांचा बाक उलटा पडतो आणि हवा बरीच कमी होते.

विकत घेण्याआधी जाळीच्या मागची जागा मोजा. अडतं ते बहुधा मोटरच्या जाडीवर. बेंड पाइपपासून (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा गरम पाइप) किमान दोन सेंमी अंतर राहू द्या, नाहीतर प्लास्टिक वितळतं.

पंख्याबरोबर जाळीतून आरपार ओवायच्या प्लास्टिकच्या काड्या मिळतात. त्या फेकून द्या. गाडीच्या थरथराटाने त्या रेडिएटरच्या नळ्यांवर घासतात आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळू लागतं. २ मिमी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून मूळ पंख्याच्याच बोल्टांवर रबरी बुशसह कसा. कडेच्या फटीत फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जाईल.

जोडणीला चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले घ्या. ८५ आणि ८६ नंबरच्या, रिले चालू करणाऱ्या पिना मूळ कपलरच्या दोन वायरींना जोडा. गाडी पंखा बंद करताना प्लसची वायर तोडत असो वा अर्थची (मायनसची), रिले मूळ तापमानालाच लागतो. रिलेत डायोड असेल तर प्लस-मायनस पाळावंच लागेल. बॅटरीच्या प्लसवरून, अगदी बॅटरीजवळच ७.५ अँपिअरचा फ्यूज टाकून १.५ चौ. मिमी वायर ३० नंबरच्या पिनेला आणा. ८७ वरून पंख्याला. पंख्याची दुसरी वायर थेट बॅटरीच्या मायनसला जोडा, चासीला (गाडीच्या सांगाड्याला) नको. जुन्या गाडीत तिथे गंज असतोच. काम करताना बॅटरी सोडलेली ठेवा.

पंखा चालू असताना जाळीसमोर कागद धरा, तो चिकटला पाहिजे. मग हेडलाइट लावून आयडलवर बॅटरीचा व्होल्टेज पाहा. १२.८ च्या खाली घसरत राहिला तर चार्जिंग तपासा. ते ठीक निघालं तर पंखाच मोठा झालाय.