सही करण्याआधी हुकची चाल कुणाची ते शोध

जय ख्रिस्त. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. 10 वर्षं क्वायर, मग रॅप, आता म्युझिक कंपनीचा 22 पानी करार आणि 'शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा'. ॲडव्हान्स किती मागू, असं तू विचारलंयस. पण मला धसका बसला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा: तुझ्या गाण्याचा हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, हे चर्चमधलं जुनं भजन आहे, क्वायरच्या मावश्यांनीच गायलेलं. मी नेमका इथेच बुडालो होतो.

मी नगरचा. माझ्या हुकचे शब्द रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. ते 1919 साली गेले आणि आपल्याकडे कवीचा हक्क निधनानंतर 60 वर्षं टिकतो, त्यामुळे शब्द मोकळे. मी निर्धास्त. चालीचा विचारच केला नाही. ती आमच्या क्वायरच्या पेटीवाल्या मास्तरांनी बांधलेली होती आणि मास्तर गेले 2003 मध्ये. लहानपणापासून कानावर पडलेली म्हणून मी तिला 'पारंपरिक' समजत होतो. करारात मात्र लिहून दिलं होतं की गाण्यातला प्रत्येक भाग माझा, कुणी दावा केला तर भरपाई मी देईन.

दोन महिन्यांत मास्तरांच्या मुलीचं पत्र आलं. बाईंना पैसे नको होते, वडिलांचं नाव हवं होतं. मी घरी गेलो, चहा झाला, त्यांनी अर्ध्या तासात संमतीपत्र सही करून दिलं. पण कंपनीने गाणं आधीच उतरवलं होतं, आणि ते परत चढवायला 14 महिने लावले. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी तेच कागद पुन्हा मेल करा, दर वेळी 'लीगलकडे आहे'. वकिलाचा खर्च माझ्या हिशेबातून कापला. गाणं परत आलं तेव्हा ते ऐकणारी पोरं पुढे निघून गेली होती. आजही लिहिताना हात थरथरतो.

म्हणून आज संध्याकाळीच पाळकसाहेबांना आणि क्वायरमधल्या सर्वांत जुन्या माणसाला विचार, ही चाल कुणी बसवली? वारस असतील तर स्वतः जा, नाव आणि वाटा दोन्ही कागदावर घे. मावश्यांच्या सह्याही घे, गाणाऱ्याला कायद्याने स्वतःचा हक्क आहे. थोडे का होईना, पैसे दे. 'घरचंच आहे' म्हणून सोडू नकोस.

मी वकील नाही, माझ्या अनुभवावरून सांगतोय, तुझा करार वेगळा असू शकतो. तरी माझं ठाम मत: मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा हक्क, कायमचा देऊ नकोस, ठरावीक वर्षांसाठी परवाना दे. मुदत लिहिलीच नसेल तर आपला कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 'कायमस्वरूपी, जगभर' हे शब्द करारात येतात ते म्हणूनच. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला लिहून देताच येत नाही. आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व मात्र तू स्वतः घे, कंपनी घेईल या भरवशावर राहू नकोस. घाईचं म्हणशील तर, चार दिवस न थांबणारी कंपनी पुढे तुझा फोन उचलेल असं मला वाटत नाही.

अमेरिकन गायक सॅम कुक बघ. गॉस्पेल म्हणजे चर्चची भजनं गाणाऱ्या गटातून आलेला माणूस, पण गाण्यांच्या हक्कांसाठी स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. चान्स द रॅपरने तर लेबलशी करार न करता 2017 चं रॅप अल्बमचं ग्रॅमी घेतलं. सगळ्यांना ते जमेल असं नाही, मलाही जमलं नसतं.

एक राहिलं. तुझी क्लिप ऐकली. क्वायर चर्चमध्येच रेकॉर्ड कर, पण रॅप घरी, रजया टांगलेल्या खोलीत कर. घुमणाऱ्या हॉलमध्ये तुझे ट, ठ, ड विरून जातात. आणि दुसऱ्या कडव्यात तू अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची बांधणी धरलीस, ती कुणी प्रोड्यूसर सांगेल म्हणून मोडू नकोस. पेटी-तबल्यावर वाढल्याशिवाय ते जिभेवर येत नाही.

तुझ्या करारातलं ते 'स्वतःची निर्मिती' आणि भरपाईचं कलम कंपनीचं नाव खोडून इथे टाक. उद्या रात्री ड्यूटी संपली की वाचतो.