जप मोडला तर?

"मॅडम, ही श्रद्धा की अंधश्रद्धा?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आधीच तो येणार हे कळतं. कधी मुलगी आईबद्दल विचारते, कधी नवरा बायकोबद्दल, कधी एखादा स्वतःबद्दलच, खाली बघत. बहुतेकांना यादी हवी असते, अमुक चालेल, तमुक सोडा. तशी यादी मी देत नाही कारण माझ्या अनुभवात फरक त्या कृतीत नसतोच, तोच जप त्याच बाईच्या तोंडी आधी धर्म असतो आणि पुढे कधीतरी अंधश्रद्धा होऊन बसतो. हे मला ज्या बाईंमुळे नीट कळलं त्यांची गोष्ट त्यांना विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहितेय.

त्यांना मुलगी घेऊन आली होती. मुलगी म्हणाली, "आई अंधश्रद्धाळू झालीये, तिला समजवा." आई म्हणाली, "माझा देव काढून घेणार असाल तर मी आत्ताच उठते." मी म्हटलं, देवाबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही, तुम्ही मला फक्त जपाबद्दल सांगा.

वीस वर्षं रोज सकाळी 108 वेळा जप, दहा मिनिटांत उरकायचा, छान वाटायचं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उशीर झाला म्हणून तो अर्धाच राहिला आणि नेमका त्याच दुपारी मुलाला बाईकचा अपघात, पाय मोडला. पाय काही महिन्यांत बरा झाला पण जप मात्र वाढत गेला. आधी मन भरकटलं की पहिल्यापासून, मग एखादं अक्षर नीट उमटलं नाही अशी शंका आली तरी पहिल्यापासून, मग खात्रीसाठी तीन वेळा. माझ्याकडे आल्या तेव्हा सकाळचे अडीच तास त्यात जात होते. एकदा मुलगी किल्ली विसरून चाळीस मिनिटं पावसात दाराबाहेर उभी, बेल वाजवतेय, आईला ती ऐकू येतेय आणि तरी उठता येत नाहीये. त्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, कुठे न्यायचं तिथे ने मला.

आता अशा माणसाला बुद्धी कमी असं घरचे पटकन म्हणून मोकळे होतात. या बाई एका तपासणी लॅबच्या प्रमुख, पुराव्याशिवाय रिपोर्टवर सही न करणाऱ्या. मी विचारलं, "लॅबमध्ये एखादी गोष्ट लागू पडते का हे बघायचं तर ती न दिलेला गटही ठेवता ना तुम्ही? इथे जप न केलेले दिवस किती?"
"एकही नाही."
"का?"
"मुलगा एकच आहे हो."

यावर तर्क चालत नाही. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करणारी, ती पद्धत मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी, विचाराला पुरावा मागितला की भीती सैल होते हे मी शेकडो वेळा बघितलंय. पण पुरावा मागण्यात त्या माझ्यापेक्षा तयार होत्या आणि तरी घाबरत होत्या. मी त्यांना मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या 1948 मधल्या प्रयोगातल्या कबुतरांबद्दल सांगितलं. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळायचे, ती काय करतात याचा काही संबंध नाही, तरी 8 पैकी 6 कबुतरांना काहीतरी चाळा लागला, कुणी गोल फिरायचं, कुणी मान झुलवायचं. पुढच्या संशोधकांनी याचा अर्थ वेगळाही लावलाय, पण दाण्याचा आणि फिरण्याचा संबंध नव्हता एवढं नक्की. बाईंनी विचारलं, फिरणं थांबवलं असतं तर? मी म्हटलं, दाणे आलेच असते. पुढच्या वेळी येऊन म्हणाल्या, "डोक्याला पटलं. पण सकाळी पाचला डोकं जागं नसतं, भीती असते."

सहाव्या भेटीत मी सहज विचारलं, जप चालू असताना मनात काय असतं?
"आकडा."
"अजून?"
"चुकला तर मुलाला काहीतरी होईल."
"आणि देव?"

त्या गप्प झाल्या. खूप वेळ. मग हळूच म्हणाल्या, "चार वर्षांत नाही आठवत." मला खूप काही बोलावंसं वाटत होतं, मी बोलले नाही आणि त्या एका मिनिटाचं मला आजही समाधान आहे. कारण त्या आपणहून वडिलांबद्दल बोलायला लागल्या, वडिलांनी लहानपणी गीतेचा दुसरा अध्याय पाठ करून घेतला होता. म्हणता म्हणता त्यांच्या तोंडी ओळ आली, "नेहाभिक्रमनाशोऽस्ति प्रत्यवायो न विद्यते, स्वल्पमप्यस्य धर्मस्य त्रायते महतो भयात्", आणि शेवटच्या शब्दापाशी त्या थांबल्या. अर्थ त्यांनीच सांगितला, या मार्गावर सुरू केलेलं वाया जात नाही, उलटं फळ मिळत नाही, थोडा धर्मसुद्धा मोठ्या भीतीतून सोडवतो. "सोडवतो म्हणतात, आणि मी तर धर्म करून करून भीती वाढवतेय!" आणि रडल्या. मी चार महिने जे सांगू पाहत होते ते त्यांना त्यांच्याच धर्माने सांगितलं.

तेव्हापासून मी कृती बघत नाही, ती राहून गेली तर काय वाटतं ते विचारते. चुटपुट लागली, आपल्या माणसाला भेटायचं राहिलं असं वाटलं, तर चिंता करू नका. पण आता शिक्षा होणार, कुणीतरी आपलं मरणार असं वाटून पोटात गोळा येत असेल, तर ती पूजा राहिली नाही, खंडणी झाली. आणि देवाला खंडणीखोर समजणं ही श्रद्धा कशी काय? धर्मांनाही हे कळलेलं आहे. इस्लाममध्ये नमाजात, त्याआधी हातपाय धुण्याच्या वजूमध्ये पुन्हापुन्हा शंका येण्याला वसवसा म्हणतात आणि त्याकडे लक्ष न देता पुढे जायला सांगतात. ख्रिस्ती परंपरेत याला 'स्क्रुपल्स' हे नाव पडलं, त्याचा लॅटिनमधला मूळ शब्द म्हणजे बारीक टोकदार खडा, पावलागणिक टोचणारा. आणि डॉक्टर ज्याला ओसीडी म्हणतात त्या आजारालाच आपण मराठीत तर मंत्रचळ म्हणतो.

घरच्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. वाद घालू नका, थट्टा तर अजिबात नको, त्याने माणूस दार लावून घेतो आणि आत तेच करतो. आणि भीतीला साथही देऊ नका. या बाईंचा मुलगा दर तासाला "ठीक आहे" असा मेसेज पाठवायचा, प्रेमानेच, पण प्रत्येक मेसेजने तासाभरापुरता आराम आणि पुढच्या तासाची भूक वाढायची, जपाचंही तेच होत होतं. तो मेसेज आम्ही बंद केला. अशा गोष्टींत रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ जात असेल, कामं अडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा, यावर औषधं आहेत आणि ती घेतल्याने कुणाची भक्ती कमी होत नाही.

त्यांना मी जप सोडायला सांगितलाच नाही. एकदाच करायचा, माळ कपाटात, मोजायचं नाही, चुकलं तरी मागे जायचं नाही आणि नंतर मुलाला फोन करायचा नाही एवढंच ठरवलं. पहिल्या दिवशी भीती शंभरपैकी नव्वद, ओसरायला सव्वा तास. बाई लॅबवाल्या, त्यांनी ग्राफच काढायला घेतला. बाराव्या दिवशी पस्तीस. मध्ये एकदा मुलाला ताप आला तेव्हा रेघ एकदम वर गेली, त्या रात्री त्या पुन्हा तीनदा जप करून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी मला न लपवता सांगितलं, तो दिवसही ग्राफवर आहे.

मागच्या महिन्यात मुलीचा फोन आला होता. ती परत किल्ली विसरली होती, मुद्दाम की खरंच ते मी विचारलं नाही. आईने ओठांतल्या ओठांत जप चालू असतानाच येऊन दार उघडलं, टॉवेल दिला आणि परत जाऊन बसली.