एकाच ओळीत दोन जनुके

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात दहावीला विज्ञान शिकवते. करोना विषाणूत एका जनुकाच्या आतच दुसरे जनुक असते, असे वाचनात आले. एकच मजकूर दोन प्रथिनांना कसा पुरतो आणि संसर्गात त्याचा विषाणूला काय उपयोग होतो?

उत्तर : पेशी आरएनए या रेणूवरील जनुकीय मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचते, त्यामुळे वाचन कोठून सुरू झाले, यावर सारा अर्थ ठरतो. फळ्यावर ‘कमलमगरजवळण’ असे सलग लिहा. पहिल्या अक्षरापासून गट पाडले, तर कमल, मगर, जवळ हे शब्द मिळतात (कृष्णाकाठच्या मुलांना मगर वेगळी समजावून सांगावी लागणार नाही); एक अक्षर सोडून सुरुवात केली, तर त्याच ओळीतून मलम, गरज, वळण निघतात.

सार्स-कोव्ह-२ चा, म्हणजे कोविडच्या करोना विषाणूचा, आरएनए सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. त्यातील ‘एन’ जनुकापासून आरएनएला गुंडाळून ठेवणारे प्रथिन तयार होते. त्याच्या आरंभापासून १० अक्षरे पुढे, म्हणजे तिनाच्या हिशेबात एक घर सरकून, ‘ओआरएफ९बी’ हे दुसरे जनुक सुरू होते. प्रथिने बांधणारे रायबोसोम कधी कधी पहिली आरंभखूण ओलांडून पुढच्या खुणेपासून वाचू लागतात आणि ९७ अमिनो आम्लांचे हे छोटे प्रथिन घडते.

संसर्गात त्याचे काम मात्र छोटे नाही. विषाणू शिरल्याची वर्दी पुढे पोहोचवणाऱ्या साखळीचा एक दुवा पेशीतील मायटोकॉन्ड्रियावर असतो. तेथील ‘टॉम७०’ या प्रथिनाला ओआरएफ९बी चिकटते, इंटरफेरॉन (पेशींना सावध करणारी प्रथिने) तयार करण्याचा इशारा मंदावतो आणि शेजारच्या पेशी सावध होण्यापूर्वी विषाणूला वाढायला अवधी मिळतो. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये आढळलेल्या अल्फा प्रकाराने बाधित झालेल्या पेशींत हे प्रथिन अधिक प्रमाणात दिसले. म्हणूनच हा विषय वर्गात शिकवण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

जागा वाचावी म्हणून ही रचना, असे सरसकट सांगितले जाते. परंतु आरएनए विषाणूंमध्ये करोनाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर) मोठ्यांपैकी असल्याने तेवढे कारण मला पुरेसे वाटत नाही. ही रचना कोणी मुद्दाम घडवली असेल का, असे विद्यार्थी विचारतील. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने १९७७ मध्ये फाय-एक्स १७४ या जिवाणूभक्षक विषाणूचा जीनोम वाचला, तेव्हा त्यातही एकमेकांवर चढलेली जनुके होती, म्हणजे अशी रचना निसर्गातही असते, हे त्यांना अवश्य सांगा.

अशा जागी झालेला एक बदल दोन्ही प्रथिनांना भोवू शकतो. फळ्यावरचा ‘ग’ पुसून तेथे ‘ठ’ लिहा : मगर आणि गरज, दोन्ही शब्द एकदम मोडतील.