आईबाबांच्या लग्नाच्या 40व्या वाढदिवसाला मुंबईत ताजमध्ये एक रात्र राहावं की कुलाब्यातल्या छोट्या जुन्या हॉटेलात तीन रात्री?

मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतला, म्हणजे तुमच्या कागलपासून लांब नाही. तुम्ही लिहिलंय की बजेट एकच आहे, बाबांना जुन्या इमारतींचं वेड आहे आणि आईचे गुडघे दुखतात. माझं मत छोट्या हॉटेलाच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर, ती खाली येईलच.

हॉटेल राहू दे, आधी गाडी बघा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलात तर सकाळीच सीएसएमटीला उतरणार, ताजमध्ये चेक-इन मिळणार दुपारी दोन-तीनला आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास रूम सोडायची, म्हणजे एवढे पैसे मोजून हातात दिवसभराचाही वेळ नाही, त्यातला अर्धा झोपेत. शिवाय 7,500 च्या वरच्या रूमला 18 टक्के जीएसटी लागतो तो वेगळा, वेबसाइटवरचा आकडा बघून हिशोब करू नका. आणि त्याच दिवसात सिद्धिविनायक, राणीची बाग, लालबागची मावशी (कोल्हापूरकराचं कोणी ना कोणी लालबाग-परळला असतंच) हे पण कोंबणार असाल तर ताजची रूम फक्त बॅगा ठेवायला घेतल्यासारखं होईल राव.

आता बाबांचं. त्यांना खरं तर इमारत बघायचीय आणि ती बघायला तिथं झोपायलाच पाहिजे असं काही नाही. पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, दुपारच्या चहाला जा, आधी फोन करून खिडकीजवळचं टेबल मिळतंय का विचारा, समोर गेटवे दिसतो. बाबांना सांगा की हॉटेल 1903 मध्ये सुरू झालं आणि गेटवे पुरा झाला 1924 मध्ये, म्हणजे सुरुवातीची वीसेक वर्षं बोटीनं येणाऱ्याला गेटवे नाही, हॉटेलच दिसायचं. आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपलं मराठी नाव आहे, हे लोकांना माहीतच नसतं. उलट ती "इमारत चुकून उलटी बांधली म्हणून आर्किटेक्टनं जीव दिला" वाली गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ती निव्वळ थाप आहे, मूळ दरवाजा शहराच्या बाजूला ठरवूनच ठेवला होता. चहा स्वस्त नाही हां, पण रूमच्या मानानं काहीच नाही. आमच्या बाबांनी तर बिल घडी घालून पाकिटात ठेवलंय.

आता ती अट. कुलाबा-फोर्टमधली ही छोटी हॉटेलं बहुतेक जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर असतात. आम्ही उतरलो होतो तिथं लिफ्ट जाळीच्या दरवाज्याची, कोणी नीट ओढून लावला नाही की लिफ्ट तिथंच उभी आणि वरून कोणतरी ओरडणार, "गेट लावा ओ!" एका रूमला समुद्राकडची बाल्कनी, शेजारच्या रूमला खिडकी पण जिन्यात उघडणारी, भाडं जवळपास सारखंच. फरशा जुन्या नक्षीच्या, कपाट आजीच्या काळातलं, आईला ते लई आवडलं. पण बाथरूमला वीतभर उंच उंबरा होता आणि तिथं आईला दर वेळी हात द्यावा लागला. म्हणून बुकिंग साइटवरच्या फोटोंवर जाऊ नका, फोन करा आणि विचारा: लिफ्ट रात्री चालू असते का, लिफ्टपर्यंत किती पायऱ्या, कमोड आहे का, गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी. नेमकी रूम कुठली देणार ते व्हॉट्सअॅपवर मागवा. उत्तरं गोलगोल आली तर सोडून द्या, दुसरं बघा.

आणि आईचे गुडघे इतके दुखत असतील की फिरणं होणारच नाही, हॉटेलातच बसायचंय, तर मग माझं सगळं ऐकू नका, ताजच घ्या. फक्त बुक करताना पॅलेस विंग, म्हणजे मूळची जुनी इमारत, असं स्पष्ट सांगा. शेजारचा टॉवर खूप नंतरचा, 1970च्या दशकातला आहे, त्यातून समुद्र झकास दिसतो पण बाबा म्हणणार, ह्यात जुनं काय हाय?

परतीचं तिकीट मात्र आजच काढा, दोघांना लोअर बर्थ मिळायला पाहिजेत.